चौथा नट

इंदुबाईने गाडीचं चाक पहिल्यांदा काढलं तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात तिने तेच चाक एकूण अकरा वेळा काढलं आणि अकरा वेळा बसवलं. बारावी वेळ आली ती वडखळ आणि कासूच्या मध्ये, भर हायवेवर, पन्नासेक माणसांच्या देखत.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही धरमतरच्या खाडीकाठी. दोन्ही घरं मिठागरातली. लग्नानंतर काही वर्षांनी तिचा नवरा कमळाकर नागोठण्याकडच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागला. मिठागरं एकेक करून बंद पडत गेली आणि इंदुबाई पापडांकडे वळली. पोह्याचे पापड, मिरगुंडं. पेणच्या बाजारात पापडवाल्या ढिगाने. म्हणून तिने रोह्याची चार दुकानं धरली. माल एसटीने जायचा. एसटीत पापडांवर कोणी पिशवी ठेवायचं, कोणी पोर बसवायचं. रोह्याला पोचेपर्यंत अर्धे पापड अर्धे झालेले असायचे.

मग घरात जुनी वॅगन-आर आली. कमळाकरला वाटलं, आपण चालवू. पण शिफ्टवरून आला की तो झोपायचा, उठला की शिफ्टला जायचा. गाडी अंगणात उभी. कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसायच्या. एक दिवस इंदुबाईने कोंबड्या हाकलल्या आणि गाडी शिकायची ठरवली.

शिकवायला मिळाला मुरादचाचा. शेजारच्या गावचा. बावीस वर्षं सौदीत, दम्मामला, ट्रेलर चालवून परत आलेला. त्याची बायको जुबेदा इंदुबाईकडून दर उन्हाळ्यात पापड न्यायची. त्या ओळखीवर इंदुबाई चार पोरं लावून त्याच्या दारात गाडी ढकलत घेऊन गेली. ढकलत, कारण गाडीची बॅटरी उतरली होती.

मुरादचाचाने पहिल्या दिवशी तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

"आधी चाक काढ," तो म्हणाला.

"चाचा, मला चालवायला शिकायचंय."

"चालवणं काय, गाढव पण शिकतंय. चाक काढ."

जुबेदाने ओट्यावरून सांगितलं, "अगो काढ एकदाचं. मलापण त्यानं लग्नानंतर आधी चाकच काढाय लावलंन. सायकलचं."

मुरादचाचाची शिकवण्याची रीत एकच. तो खुर्ची टाकून बसायचा, सुपारी कातरायचा आणि चूक झाली की अडकित्ता खुर्चीच्या हातावर आपटायचा. इंदुबाईने पहिल्याच दिवशी जॅक लावून गाडी उचलली आणि मग नट सोडवायला बसली. चाक नटाबरोबर गरागरा फिरलं. अडकित्ता आपटला.

"खाली घे. गाडी जमिनीवर उभी असताना नट ढिले करायचे. नुसते ढिले. काढायचे नाय. मग उचलायची. हवेतल्या गाडीला जोर लावशील तर ती तुझ्यावर येईल. गाडीला मुरव्वत नसते."

हळूहळू तिच्या हातात क्रम बसला. हँडब्रेक. पहिला गिअर. समोरच्या चाकांना दगड. नट ढिले. मग जॅक. गाडी उचलली की सुटं चाक गाडीखाली आडवं सरकवायचं, म्हणजे जॅक सरकलाच तर गाडी त्या चाकावर बसेल, माणसावर नाही. पाय, हात, डोकं, काहीही गाडीखाली न्यायचं नाही. नवीन चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे. खाली उतरवून पुन्हा आवळायचे. आणि रस्त्यात ठेवलेले दगड उचलून बाजूला टाकायचे.

"ते का?"

"आपण निघून जातो. दगड राहतो. मागून येणारा त्याच्यावर चढतो," मुरादचाचा म्हणाला. "आणि फळी. डिकीत कायम एक जाड फळी. वाळूत जॅक रुततो. फळीवर ठेवला की नाय रुतत."

इंदुबाई हसली. "ते मला नका शिकवू. आम्ही जन्म चिखलात काढला. चिखलातून जायचं तर आम्ही पण फळीच टाकतो."

चाचाने तिच्याकडे पाहिलं आणि अडकित्ता खिशात टाकला. त्या दिवसापासून तो तिला 'तू' ऐवजी 'ड्रायव्हर' म्हणायला लागला.

"पण एक सांगा चाचा," तिने एकदा विचारलं. "रस्त्यावर माणसं असतातच की. कोण ना कोण बदलून देईल. मी कशाला शिकू?"

"मी शिकलो तेव्हा दोनशे किलोमीटर कोण नव्हता. मदतीला कोण येणार? उंट?"

चाचाने शिकवलं ते सगळं वाळवंटासाठी. आपला हायवे वाळवंट नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

लायसन्स आलं. गावात गाडी फिरू लागली. वडखळपर्यंत, मग पेणपर्यंत, कमळाकर शेजारी बसलेला, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरलेला. रोह्याला एकटं जायची गोष्ट निघाली ती अंगणात, पापड लाटताना. शेजारच्या सात-आठ बाया होत्या. सासू काशीबाई वाळवणाजवळ काठी घेऊन कावळे हाकत होती. कमळाकर शिफ्टवरून येऊन चहा पीत होता.

"मंगळवारी मी एकटी माल घेऊन जातेय," इंदुबाई म्हणाली.

"मी सुट्टी काढतो," कमळाकर म्हणाला.

"कशाला?"

"पंक्चर झाली तर?"

"बदलीन."

"कोण?"

"मी. आणि कोण?"

बाया लाटणी थांबवून ऐकू लागल्या. कमळाकरने कप खाली ठेवला. त्याच्या खात्यातल्या एका माणसाने रस्त्यावर घाईघाईत चाक बदललं होतं. गाडी जॅकवरून घसरली. त्याची दोन बोटं गेली. त्याला दवाखान्यात नेणाऱ्यांत कमळाकर होता. ही गोष्ट त्याने घरी सांगितली नव्हती. तो एवढंच म्हणाला, "तुला नाय जमणार. कुणाला तरी फोन करशील."

इंदुबाईला राग आला. आणि ती सगळ्यांसमोर बोलून बसली, "फोन कुणाला करायची नाय. आणि चाकाला कुणाचा हात लागू देणार नाय!"

"लागला तर?" हे काशीबाईने विचारलं. म्हातारीला वाद अर्धवट राहिलेला आवडत नसे.

"लागला तर गाडी सख्या चालवंल," कमळाकर म्हणाला.

सखा म्हणजे त्याचा पुतण्या. ड्रायव्हिंग येत होतं, काम नव्हतं. भाड्याने चालवायला ही गाडी मिळावी म्हणून तो दोन महिने काकाच्या मागे लागला होता. गाडी त्याच्याकडे गेली की इंदुबाई पुन्हा एसटीत, आणि पापड पुन्हा कोणाच्या तरी पोराखाली.

"कबूल," इंदुबाई म्हणाली. आठ बाया साक्षीदार. म्हणजे संध्याकाळपर्यंत गाव साक्षीदार.

मंगळवारी सकाळी सातला ती निघाली. डिकीत आणि मागच्या सीटवर मिळून बावीस खोके. कमळाकर रात्रपाळीला गेलेला, अजून परतायचा होता. वडखळ सोडलं. हायवेचं रुंदीकरण चाललेलं. एक भाग नवा, एक भाग जुना, मधेच खडी. अर्ध्या वाटेत मागून फडफड असा आवाज यायला लागला आणि गाडी डावीकडे बसल्यासारखी झाली.

तिने ब्रेक दाबला नाही. वेग कमी करत, इंडिकेटर लावून, गाडी सरळ पट्टा बघून भरावाच्या मातीवर घेतली. चारही इंडिकेटर चालू केले. उतरली. मागचं डावं चाक सपाट.

"बरं झालं," ती स्वतःशीच म्हणाली. डावं चाक म्हणजे रहदारीकडे पाठ करून बसायला नको.

तिने साडीचा काचा मारला. हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला. पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावले. मागे तीस पावलांवर बाभळीची फांदी टाकली. मग डिकी उघडली. स्टेपनी, जॅक, पाना, फळी, सगळं खोक्यांच्या खाली.

पहिला खोका काढेपर्यंत पहिला माणूस हजर. स्कूटरवरून. महिपती, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, तिच्याच गावचा.

"हट, हट बाजूला," तो बाह्या सरसावत म्हणाला. "तीस वर्षं गाडी चालवलीय मी. पाना दे."

"काका, हात लावू नका!"

"अगो लाजतेस काय? दोन मिनिटांचं काम."

इंदुबाईने पाना पदराखाली घेतला. तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली, त्यावर दोन पोरगे. मागून एक तीनचाकी मिनिडोर थांबली, बाजाराला निघालेली, आत म्हावऱ्याच्या पाट्या आणि चार कोळणी. रस्त्याच्या कामावरचे तीन मजूर फावडी टाकून आले. एक गुरुजी सायकलवरून उतरले. पाच मिनिटांत तिथे बारा माणसं झाली आणि चोवीस हात.

हे चाचाने शिकवलं नव्हतं. वाळवंटात कोणी येत नाही. इथे कोणी जाईना.

"ताई, जॅक आणा."

"वयनी, तुम्ही सावलीत बसा."

"आधी जॅक लाव रे!" "आधी नट रे!" "नट कशाला, आधी चाक बघ, नुसती हवा गेली असंल!"

मोटारसायकलवरचा एक पोरगा चाकाजवळ वाकला. त्याच्या हातात आणि चाकात अंतर वीतभर. इंदुबाईच्या हातात पापडांचा खोका होता. तिने तो त्याच्या हातात कोंबला.

"धर. आडवा नको. पापड आहेत."

पोरगा सरळ उभा राहिला. दोन्ही हातांत खोका. आता तो काय करणार?

इंदुबाईला वाट सापडली. तिने डिकीतून एकेक खोका काढला आणि जो जवळ येईल त्याच्या हातात दिला. "खाली ठेवू नका, धूळ लागंल." गुरुजींना दोन. मजुरांना दोन-दोन. मिनिडोरच्या ड्रायव्हरला तीन, एकावर एक, त्याला समोरचं दिसेना. महिपतीकाका मागे सरकत होता, त्याला गाठून तिने चार दिले.

"काका, तुम्ही जुने माणूस. तुमच्या हातात मोडायचे नाय."

महिपती गहिवरला आणि अडकला.

हायवेच्या कडेला एक रांग झाली. प्रत्येकाच्या छातीशी खोका. प्रत्येकाचं तोंड मोकळं.

"असं नाय. पाना उलटा धरलास."

"सरळच धरलाय," इंदुबाई म्हणाली.

कोळणींत बायजा म्हणून एक होती, आडव्या अंगाची, पाटीच्या काठावर बसलेली. तिने विचारलं, "एवढे पुरुष हायत आणि तू कशाला गो घाम गाळतेस?"

इंदुबाईने पैज सांगितली. दोन वाक्यांत. बायजा मांडी थापटून हसली आणि उभी राहिली.

"ऐकलंत काय रे? चाकाला जो हात लावील त्याच्या हातावर कोयती पडंल. हलू नका."

आता इंदुबाईला पंच मिळाला.

तिने पाना लावला. पहिला नट पायाने दाबून ढिला झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला तिने दोनदा हिसका दिला, झाला. चौथा हलेना. ती दांड्यावर उभी राहिली. दांडा तसाच. तिने एका हाताने गाडीचं छत धरून उड्या मारल्या. दांडा तसाच. इंदुबाईचं वजन अवघं सेहेचाळीस किलो. घरी सरावाला नट तिने स्वतः आवळलेले असायचे, म्हणून निघायचे. मागच्या महिन्यात पेणला पंक्चर काढताना हे चाक कोणी तरी मशीनने आवळलं होतं, आणि चौथ्या नटावर मशीन जरा जास्तच दाबलं होतं.

रांग कुरकुरायला लागली.

"घे माझा खोका कुणीतरी. एक झटका देतो."

"पैज गेली चुलीत. बाई, उन्हाचं..."

"रोह्याला कधी पोचणार ती?"

नागोठण्याकडून कंपनीची बस आली. रात्रपाळी सुटलेली. ड्रायव्हरने वेग कमी केला, कारण पलीकडे आठ माणसं खोके घेऊन का उभी आहेत ते त्यालाही कळेना. खिडकीतून चाळीस डोकी बाहेर आली. एक डोकं कमळाकरचं.

बस थांबायच्या आत तो उतरला. दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला. तिच्याजवळ येऊन त्याने आधी गाडी पाहिली, मग तिचे हात. दहाही बोटं बघितली.

"कुठला नट?" तो म्हणाला.

"चौथा."

"सर."

त्याने हात पुढे केला. फिटरचा हात. एका झटक्याचं काम. बसमधून शिट्ट्या वाजल्या. इंदुबाई पान्यावरून उतरली नाही.

"हात लावा," ती म्हणाली. "तुमचीच पैज. लावा आणि सख्याला चावी द्या."

कमळाकरचा हात मधेच थांबला. तो थांबला खरा, पण मागेही जाईना.

"तुला जोर कमी पडतोय गो," कमळाकर हळू आवाजात म्हणाला. "वजनच नाय तुझं."

"मग वजन आणते," इंदुबाई म्हणाली.

ती उतरून मिनिडोरकडे गेली. बायजाच्या पाटीजवळ. बोंबील आणि मांदेली, बर्फ घालून, तीस किलोला कमी नाही.

"बायजाबाई, पाटी द्या डोक्यावर घ्यायला."

बायजाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "पाटी माझी, डोकं तुझं, चाकाचा काय संबंध नाय," तिने सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

इंदुबाईने पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि पाटीजवळ वाकली. तिथे ती थांबली. भरलेली पाटी एकट्याने डोक्यावर चढत नाही. ती कुणाच्याच चढत नाही. मिठागरात बाई पाटी भरून उभी राहायची आणि जवळ जो असेल तो हात द्यायचा. मुकादम असो, सासू असो, वाटेने जाणारा असो. त्या हाताला कोणी मदत म्हणत नसे. त्याचं नाव घ्यायची रीतच नव्हती.

कमळाकर मिठागरात वाढलेला माणूस. त्याला सांगावं लागलं नाही. तो आला, पाटीचा पलीकडचा कान धरला, आणि दोघांनी एका दमात पाटी वर घेतली.

"हात लागला!" मोटारसायकलवरचा पोरगा ओरडला.

"पाटीला लागला, बावळटा," बायजा म्हणाली. "तू कुठला? पुण्याचा काय?"

इंदुबाई चालत गाडीपाशी आली. मान ताठ, कंबर ताठ, पाटीतला बर्फसुद्धा हलला नाही. वीतभर बांधावरून तिने अशा किती खेपा केल्या असतील, तिलाच ठाऊक नव्हतं. तिने एक हात गाडीच्या छतावर ठेवला, एक पाय पान्याच्या दांड्यावर टाकला, मग दुसरा. आणि उभी राहिली. उडी नाही, झटका नाही. नुसती उभी. बर्फाचं पाणी तिच्या कपाळावरून नाकावर आलं.

नटाने कुरर्र असा आवाज केला. दांडा हळूच खाली गेला आणि इंदुबाई त्याच्यासोबत जमिनीवर उतरली, जिन्याची पायरी उतरावी तशी.

बसमधून अशी आरोळी उठली की पलीकडच्या खाजणातले बगळे उडाले.

पाटी उतरवायलाही कमळाकरनेच हात दिला. मग तो रांगेत गेला. गुरुजींच्या हातातला एक खोका त्याने मागून घेतला, छातीशी धरला आणि इतरांसारखा उभा राहिला.

पुढचं काम तिने घाई न करता केलं. फळी टाकली. भरावाची माती वरून कडक आणि आत खारी, ओली. फळी बोटभर रुतली आणि थांबली. तिने थोडं वर करून गाडी हलते का बघितलं. नाही. मग पूर्ण वर. स्टेपनी आधी गाडीखाली सरकवली. नट काढले, खडीत हरवू नयेत म्हणून चपलेत ठेवले. पंक्चर चाक काढलं, स्टेपनी ओढून घेतली, तिच्या जागी पंक्चर चाक सरकवलं.

कमळाकरने हे पाहिलं. त्याने मोठा श्वास सोडला. "हे कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"मुरादचाचाने. जॅक सरकला तर बोटं जात नाहीत."

खोक्यावरची कमळाकरची पकड ढिली झाली.

नट समोरासमोरचे बसले. गाडी खाली आली. तिने पुन्हा एकेक नट पायाने दाबला. चौथ्यावर जरा जास्त वेळ उभी राहिली, मग स्वतःशीच म्हणाली, "पुरे. पुढच्या वेळी मलाच काढायचाय."

महिपतीकाका चार खोक्यांच्या मागून म्हणाला, "तीस वर्षं चालवली मी एसटी. खरं सांगू? चाक कधी बदललं नाय. डेपोवाले यायचे."

"म्हणून तर बाह्या सरसावल्या होत्यास," बायजा म्हणाली, आणि आपल्या पाटीकडे गेली.

इंदुबाईने पुढच्या चाकांचे दगड काढले, बाभळीची फांदी ओढून खाजणात टाकली. मग रांगेतून एकेक खोका परत घेतला. खोके परत देताना माणसं जरा नाराजच दिसली. पलीकडे बसचा हॉर्न वाजत होता. कमळाकरने तिकडे नुसता हात हलवला, जा म्हणून.

त्याने खोका हनुवटीखाली दाबला, खिशातून फोन काढला आणि सख्याला लावला.

"सख्या, मी काका. गाडीचं विसर. तुझ्यासाठी दुसरं काय तरी बघू... नाय, बिघडली नाय. गाडीला काय झालं नाय. ड्रायव्हर मिळालाय तिला."

पलीकडून सखा बराच वेळ बोलत राहिला. इंदुबाई स्टिअरिंगवर बसली होती, इंजिन चालू. तिने डावीकडचं दार आतून उघडलं.

"फोन नंतर. खोका आधी ठेवा मागे, नीट," ती म्हणाली. "आणि बसा. रोह्याच्या दुकानात उचलायला माणूस लागंल."